इंटरनेट कंपनीची नजर: तिला काय दिसतं आणि ते कसं झाकायचं

कुकीज पुसल्या, इन्कॉग्निटो खिडकी उघडली, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं, म्हणजे आता आपल्यावर कुणाची पाळत नाही, असं मानणारे बरेच लोक मला भेटतात. तिन्ही सवयी चांगल्या आहेत. पण ज्या कंपनीकडून तुम्ही इंटरनेट घेता तिच्यासमोर त्यांचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. इन्कॉग्निटो खिडकी तुमच्या यंत्रावर इतिहास साठवत नाही, एवढंच. साइटची मागणी घराबाहेर पडते ती त्याच कंपनीच्या वायरीवरून किंवा टॉवरवरून.

आणि ही कंपनी तुम्हाला इतर कुणाहीपेक्षा जास्त ओळखते. वेबवरच्या जाहिरात कंपन्यांना तुमची ओळख तुकड्या-तुकड्यांतून जुळवावी लागते. इंटरनेट कंपनीला अंदाज बांधावा लागत नाही. तुमचं नाव, राहता पत्ता आणि बिल कुणाच्या खात्यातून भरलं जातं हे सगळं तिच्याकडे आधीच आहे. साइट बदलता येते, ब्राउझर बदलता येतो. कंपनी बदलणं मात्र अनेकांच्या हातात नसतं, कारण त्यांच्या भागात दुसरी नसतेच. म्हणून मला हा प्रश्न कुकीजपेक्षा गंभीर वाटतो.

सगळं करायला वेळ नसेल तर या लेखातला डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेचा, भाग तेवढा करा. कमी श्रमात सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो.

कंपनीला नेमकं काय दिसतं

आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कुणाला मजकूर वाचता येणार नाही अशा जोडणीवर, चालतात. त्यामुळे साइटवरचं कुठलं पान वाचलं, शोधताना काय टाइप केलं, फॉर्ममध्ये काय भरलं, हे कंपनीला वाचता येत नाही. कुठल्या साइटवर गेलात हे मात्र कळतं, आणि ते तीन वाटांनी कळतं.

पहिली वाट डीएनएसची. साइटचं नाव टाकलं की तुमचं यंत्र आधी एका सर्व्हरला विचारतं, ‘या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) काय?’ काही बदललं नसेल तर हा सर्व्हर इंटरनेट कंपनीचाच असतो. म्हणजे दिवसभरात उघडलेल्या साइट्सची आणि ॲप्सनी गुपचूप केलेल्या जोडण्यांची यादी, वेळेसकट, तिच्याकडे आपोआप तयार होते. दुसरी वाट एसएनआयची. एचटीटीपीएसची जोडणी सुरू होताना तुमचं यंत्र समोरच्या सर्व्हरला साइटचं नाव सांगतं, आणि ते नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. तिसरी वाट आयपी पत्त्याची. तो लपवून चालत नाही, कारण डेटाचं पाकीट पोचवायचं कुठे हे कंपनीला ठाऊक असावंच लागतं. एका पत्त्यावर कधी हजारो साइट्स असतात, कधी एकच.

‘नुसतं नाव तर कळतं, त्यात काय?’ हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. एखाद्या आजाराच्या रुग्णांसाठी चालवलेली साइट, वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या केंद्राची साइट, कर्जात बुडालेल्यांना सल्ला देणारी साइट: यांची नावंच सगळं सांगून जातात. त्यात वेळ आणि डेटाचं प्रमाण मिळवा. कोण किती वाजता जागं असतं, घर कधी रिकामं असतं, हे त्यातून दिसतं. शिवाय लाइन घरातल्या एकाच्या नावावर असली तरी वापरणारे सगळे असतात. एकाने खाजगीत शोधलेल्या गोष्टीची जाहिरात दुसऱ्याच्या पडद्यावर उमटू शकते, आणि जी गोष्ट त्या व्यक्तीने अजून घरात कुणाला सांगितलेली नाही ती अशी फुटणं मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

हे घडलेलं आहे. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीच्या यंत्रणेच्या चाचण्या घेतल्या, त्या ग्राहकांना न सांगता. हजारो घरांचं ब्राउझिंग त्यांच्या नकळत तपासलं गेलं. २००८ मध्ये बोभाटा झाला, युरोपियन कमिशनने ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली आणि २००९ मध्ये बीटीने ती योजना सोडली. अमेरिकेत २०१६ साली दूरसंचार आयोगाने असा नियम केला होता की ब्राउझिंगची माहिती वापरण्याआधी कंपनीने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी. तो पुरता लागू होण्याआधीच, एप्रिल २०१७ मध्ये, रद्द झाला. तिथल्याच व्यापार आयोगाने २०२१ मध्ये सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की काही कंपन्या ब्राउझिंगची माहिती जाहिरातींसाठी वापरतात, आपल्या वेगवेगळ्या सेवांमधली माहिती एकत्र करतात, आणि ‘नको’ म्हणण्याची सोय देतात खरी, पण ती सापडायला आणि वापरायला अवघड ठेवतात.

पहिलं काम: खात्यातली संमती काढून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे, तरी आधी हेच करा. कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये खातं उघडून प्रायव्हसीचा विभाग शोधा. तिथे ‘पाळत’ असा शब्द कुठेही नसतो. ‘तुमच्या आवडीनुसार ऑफर’, ‘सुसंगत जाहिराती’, ‘अनुभव सुधारण्यासाठी’, ‘निवडक भागीदारांशी माहितीची देवाणघेवाण’ अशी गोड भाषा असते. असं जे जे दिसेल ते बंद करा.

दोन गोष्टी सांभाळा. घरचं ब्रॉडबँड आणि मोबाइल एकाच कंपनीचे असले तरी त्यांच्या सेटिंग्ज बहुधा वेगळ्या असतात, आणि घरातल्या प्रत्येक नंबराला ते वेगळं करावं लागू शकतं. दुसरं, ‘जाहिराती दाखवू नका’ आणि ‘माहिती गोळा करू नका’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेचदा बटण पहिल्याचंच असतं: जाहिरात थांबते, नोंद चालू राहते. म्हणून खात्यातल्या सेटिंगवर विसंबून पुढची कामं सोडू नका.

सवलतीच्या बदल्यात संमती मागितली तर तिची किंमत नीट पाहा. एटी अँड टी कंपनीने २०१३ मध्ये ऑस्टिन शहरात वेगवान फायबर आणलं, ७० डॉलर महिना. ब्राउझिंगवर नजर नको असेल तर ९९. ही पद्धत २०१६ मध्ये बंद झाली, पण त्या २९ डॉलरच्या फरकातून एवढं कळलं की तुमच्या ब्राउझिंगच्या नोंदींची कंपनीच्या वहीत किंमत असते.

युरोपात २०२३ पासून युटिक नावाची सेवा आहे. डॉइच टेलिकॉम, ऑरेंज, टेलिफोनिका आणि व्होडाफोन यांनी मिळून ती उभी केली. यात ऑपरेटरच्या जोडणीवरून तुमच्यासाठी एक खूण तयार होते आणि साइट्स ती जाहिरातींसाठी वापरतात. ती संमतीवर चालते, म्हणजे साइटवर येणाऱ्या संमतीच्या खिडकीत ‘मान्य’ दाबलं तरच. तिथे युटिकचं नाव दिसलं की नकार द्या. आधी कधी होकार दिला असेल तर ‘कन्सेंटहब’ या त्यांच्या पानावर तो मागे घेता येतो.

दुसरं काम: डीएनएस बदला

आधी सर्व्हर निवडा. क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.१ हा २०१८ पासून आहे आणि वेगवान आहे. क्वाडनाइनचा ९.९.९.९ ना-नफा संस्था चालवते, ती आता स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली आहे, आणि फसवणुकीच्या, व्हायरसच्या साइट्स तो परस्पर अडवतो. गूगलचा ८.८.८.८ सर्वांत प्रसिद्ध. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट नाही, पण जाहिरातीसाठीची पाळत टाळायला निघालेल्याने जगातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात कंपनीकडे जाऊ नये, असं माझं मत. मी घरातल्यांना क्वाडनाइन सुचवतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नुसता सर्व्हर बदलून पुरत नाही. तिथपर्यंतचा प्रश्नही एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, जायला हवा. साधा डीएनएस उघड्यावर जातो, त्यामुळे तो दुसऱ्याच्या सर्व्हरकडे निघाला असला तरी मधे बसलेली कंपनी वाचू शकते. काही कंपन्या तर तो मधेच अडवून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवतात. याची उलट बाजूही आहे: प्रश्न एन्क्रिप्ट झाला, पण तो कंपनीच्याच सर्व्हरकडे गेला, तर कंपनीपासून काहीच लपलं नाही. सर्व्हर दुसऱ्याचा आणि वाट एन्क्रिप्टेड, दोन्ही एकदम हवं.

नेमके इथेच ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने लोक फसतात.

अँड्रॉइड फोनवर, आवृत्ती ९ किंवा पुढची असेल तर: सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट (काही फोनवर ‘कनेक्शन्स’), त्यात ‘प्रायव्हेट डीएनएस’. तिथे ‘ऑटोमॅटिक’ निवडलेलं असतं. त्याचा अर्थ, सध्याच्या नेटवर्कने दिलेला सर्व्हर एन्क्रिप्शन चालवत असेल तर ते वापर. सर्व्हर कंपनीचाच राहतो. म्हणून ‘प्रायव्हेट डीएनएस प्रोव्हायडर होस्टनेम’ हा पर्याय निवडा आणि नाव टाका. क्लाउडफ्लेअरसाठी: ‘वन’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत चार वेळा, मधे टिंबं. क्वाडनाइनसाठी: डीएनएस, टिंब, मग क्यू-यू-ए-डी ही चार अक्षरं आणि त्यांना चिकटून ९ हा इंग्रजी आकडा, टिंब, नेट. मधे कुठेही जागा सोडू नका. इथे १.१.१.१ सारखा आकडी पत्ता चालत नाही. हे एकदा केलं की वायफाय आणि मोबाइल डेटा, दोन्हीला लागू होतं.

आयफोनवर अशी सोपी जागा नाही. वायफायच्या माहितीत डीएनएस हाताने बदलता येतो, पण तो साधा, उघडा डीएनएस असतो आणि फक्त त्या एका वायफायपुरता. त्यापेक्षा क्लाउडफ्लेअरचं ॲप घ्या, किंवा क्वाडनाइनच्या साइटवरून त्यांचं प्रोफाइल (तयार सेटिंग्जची फाइल) उतरवून सेटिंग्जमधून बसवा. आयओएस १४ पासून ही सोय आहे. मॅकवरही प्रोफाइलचाच रस्ता. प्रोफाइल मात्र मूळ साइटवरूनच घ्या, इकडून-तिकडून आलेलं नको.

विंडोज ११ मध्ये: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय किंवा इथरनेट, ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’. तिथे ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोर ‘एडिट’ दाबून ‘मॅन्युअल’ निवडा. आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी पद्धत) सुरू करून १.१.१.१ आणि दुसरा म्हणून १.०.०.१ टाका (क्वाडनाइन असेल तर ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२), इंग्रजी आकड्यांत. प्रत्येकाखाली ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’, म्हणजे एन्क्रिप्टेड डीएनएस, असतं, ते ‘ऑन’ करा आणि साध्या डीएनएसवर परतण्याची परवानगी, म्हणजे ‘फॉलबॅक’, बंद ठेवा. आता बरेच जण विसरतात ते: आयपीव्ही६, म्हणजे त्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठी, हेच पुन्हा. ते राहिलं तर काही प्रश्न आयपीव्ही६ वरून थेट कंपनीकडे जातात. क्लाउडफ्लेअरचा तो पत्ता लक्षात राहण्यासारखा आहे, २६०६:४७००:४७००::११११.

ब्राउझरमध्ये वेगळं करायचं असेल, उदाहरणार्थ विंडोजची जुनी आवृत्ती असेल, तर फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ शोधा. ‘इन्क्रीज्ड’ निवडलं तर अडचण आल्यावर तो गुपचूप साध्या डीएनएसकडे वळतो. ‘मॅक्स’ निवडलं तर आधी विचारतो. मॅक्स घ्या. क्रोममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी’, त्यात ‘यूज सिक्युअर डीएनएस’. इथेही आधीपासूनची निवड सध्याच्याच सर्व्हरला धरून राहते, तेव्हा यादीतून नाव स्वतः निवडा.

राउटरमध्ये बदल केला तर घरातली सगळी यंत्रं एका फटक्यात येतात, हे खरं. पण बहुतेक राउटर साधा डीएनएसच पाठवतात. ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ (प्रश्न एन्क्रिप्ट करण्याची आणखी एक पद्धत) किंवा ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ अशी सोय तुमच्या राउटरमध्ये असेल तर उत्तम, नसेल तर प्रत्येक यंत्रावर वरचं करा. कंपनीने दिलेल्या राउटरवर अनेकदा ही सेटिंग्ज कुलूपबंद असतात. त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावणं हा चांगला उपाय आहे, कारण मग घरात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत हेही कंपनीच्या राउटरला दिसत नाही.

झालं की तपासा. क्लाउडफ्लेअरचं तपासणीचं पान आहे, १.१.१.१ नंतर तिरपी रेघ आणि ‘हेल्प’. क्लाउडफ्लेअर निवडला असेल तर तिथे ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ किंवा ‘ओव्हर टीएलएस’समोर ‘येस’ दिसायला हवं. कुठलाही सर्व्हर निवडला असला तरी ‘डीएनएस लीक टेस्ट’ साइटवर लांबची चाचणी चालवा. येणाऱ्या यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव एकदाही दिसता कामा नये. दिसलं तर बहुधा आयपीव्ही६ राहिलं आहे.

एक-दोन अडचणी येतील. हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडणार नाही. तेवढ्यापुरता प्रायव्हेट डीएनएस बंद करा, लॉगिन करा, पुन्हा सुरू करा. कंपनीच्या डीएनएसवर चालणारं मुलांसाठीचं फिल्टर वापरत असाल तर ते निकामी होईल, त्याची दुसरी व्यवस्था आधी लावा. कार्यालयाच्या यंत्रावर यातलं काहीही परस्पर करू नका.

तिसरं काम: उरलेलं नाव झाका

आधी साधं एचटीटीपी, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेली जुनी जोडणी, पूर्ण बंद. व्हेरायझन कंपनीने २०१२ पासून आपल्या मोबाइल ग्राहकांच्या उघड्या एचटीटीपी मागण्यांमध्ये वाटेतच एक ओळखक्रमांक घुसवायला सुरुवात केली. ग्राहकाने कुकीज पुसल्या तरी तो क्रमांक तोच राही, आणि एका जाहिरात कंपनीने त्याच्या आधाराने पुसलेल्या कुकीज पुन्हा उभ्या केल्या. २०१४ मध्ये हे उघड झालं, २०१६ मध्ये १३ लाख ५० हजार डॉलरचा दंड झाला. एचटीटीपीएसच्या आत असं काही घुसवता येत नाही. म्हणून फायरफॉक्समध्ये ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ आणि क्रोममध्ये ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ सुरू करा.

एसएनआयमधून फुटणारं नाव झाकणाऱ्या तंत्राला ‘एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो’ म्हणतात. फायरफॉक्स आणि क्रोमच्या २०२३ नंतरच्या आवृत्त्यांत ते आहे. तुम्हाला फक्त ब्राउझर ताजा ठेवायचा आहे. फायरफॉक्समध्ये काही यंत्रांवर ते डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस सुरू असेल तरच चालतं, हेही वरचं काम करण्याचं एक कारण. पण समोरच्या साइटनेही ते स्वीकारलेलं असावं लागतं, आणि अजून असंख्य साइट्सनी स्वीकारलेलं नाही. तिथे नाव दिसतंच. एवढं करूनही कंपनीला काही कळत नाही असं मी म्हणणार नाही. तिला आता यादी आयती मिळत नाही, प्रत्येक जोडणी खोलात तपासावी लागते.

व्हीपीएन: घ्यावा का?

व्हीपीएन ही सेवा तुमची सगळी ये-जा आधी स्वतःच्या सर्व्हरवरून नेते. व्हीपीएन घेतला की कंपनीला फक्त एका सर्व्हरशी चाललेली एन्क्रिप्टेड जोडणी दिसते. साइट्सची नावं, आयपी पत्ते, सगळं झाकलं जातं. मात्र जे कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. नजर नाहीशी होत नाही, दुसऱ्याकडे जाते. तो दुसरा आधीच्यापेक्षा वाईट निघू शकतो. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या फुकट व्हीपीएनमधून लोक इतर कोणती ॲप्स किती वापरतात हे पाहिलं. २०१८ मध्ये ते ॲप ॲपलच्या स्टोअरमधून काढावं लागलं. सुरक्षेच्या नावाने मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टींचंही तेच. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ग्राहकांच्या ब्राउझिंगच्या नोंदी आपल्याच दुसऱ्या कंपनीमार्फत विकल्या, त्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेत तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले.

म्हणून फुकट, अनोळखी व्हीपीएन घेऊ नका. त्यापेक्षा नसलेला बरा. विकत घेताना मालक कोण हे साइटवर स्पष्ट आहे का, ‘नोंदी ठेवत नाही’ या दाव्याची बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला आहे का, आणि जोडणी तुटल्यास इंटरनेटच थांबवणारा ‘किल स्विच’ आहे का, एवढं पाहा. बसवल्यावर वरची डीएनएस लीक चाचणी पुन्हा करा.

ॲपलच्या आयक्लाउड प्लसमध्ये मिळणाऱ्या ‘प्रायव्हेट रिले’ची रचना मला विशेष पटते. पहिल्या टप्प्यावर ॲपलला तुम्ही कोण ते कळतं पण साइट कळत नाही. दुसऱ्या टप्प्यावरच्या वेगळ्या कंपनीला साइट कळते पण तुम्ही कोण ते नाही. ती मुख्यतः सफारीपुरती आहे आणि काही देशांत मिळत नाही. टॉर ब्राउझर याहून पुढे जातो, तीन टप्प्यांनी, पण तो संथ आहे. जिथे खरोखर कुणालाच कळू नये अशा वाचनासाठी तो ठेवा.

मोबाइल ऑपरेटरचं ॲप

फोनमध्ये ऑपरेटरचं ॲप असेल तर त्याची लोकेशन, संपर्क आणि कॉल यांची परवानगी काढून घ्या. बिल ब्राउझरमधूनही भरता येतं, तेव्हा ॲप काढून टाकलं किंवा ‘डिसेबल’ केलं तरी चालतं. अँड्रॉइडवर प्रायव्हसीखालच्या ‘ॲड्स’मध्ये जाऊन जाहिरात-ओळखक्रमांक पुसून टाका, आयफोनवर ‘ट्रॅकिंग’मध्ये ॲप्सना विचारण्याचीच परवानगी बंद करा. वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकाच माणसाच्या नावावर जोडायला हाच क्रमांक कामी येतो. टॉवरवरून तुमचं ठिकाण ऑपरेटरला कळणं कुठल्याही सेटिंगने थांबत नाही. तिथे संमती नाकारणं आणि कायदा एवढेच उपाय उरतात.

कंपनीला लिहून विचारा

हे काम लोक सोडून देतात, आणि मला ते सोडू नये असं मनापासून वाटतं. बटणं कंपनीने ठरवलेली असतात, प्रश्न तुम्ही ठरवता. ग्राहकसेवेला फोन करू नका. कंपनीच्या गोपनीयता धोरणात माहिती-संरक्षण किंवा तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल दिलेला असतो, त्यावर लिहा. मजकूर साधा ठेवा:

‘माझ्या अमुक क्रमांकाच्या जोडणीवरून मी कोणत्या साइट्सना भेट देतो याची नोंद आपण ठेवता का? ठेवत असल्यास किती काळ? ती किंवा तिच्यावरून तयार केलेली वर्गवारी जाहिरातींसाठी वापरली किंवा इतरांना दिली जाते का, आणि कुणाला? माझ्याविषयी अशी जी माहिती असेल तिची प्रत मला द्यावी. जाहिरातींसाठी माझी माहिती वापरण्यास माझी हरकत आहे.’

युरोपियन संघात राहत असाल तर प्रत मागणं आणि थेट जाहिरातींना हरकत घेणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि उत्तर साधारण एका महिन्यात यायला हवं. कॅलिफोर्नियात २०२० पासून माहितीची विक्री थांबवायला सांगता येते. इतरत्र आपल्या देशाचा माहिती-संरक्षण कायदा आणि दूरसंचार नियामकाचे नियम पाहून त्या कलमाचा उल्लेख पत्रात करा. कलम दिसलं की पत्र योग्य टेबलावर जातं. गुळमुळीत उत्तर आलं तर तेच प्रश्न क्रमांक घालून पुन्हा पाठवा, आणि दुसऱ्यांदाही टाळाटाळ झाली तर दोन्ही पत्रं जोडून नियामकाकडे तक्रार करा. प्लॅन बदलला, राउटर बदलून मिळाला किंवा ‘आमच्या अटी बदलल्या आहेत’ असा संदेश आला की खात्यातली सेटिंग्ज त्याच दिवशी उघडून पाहा. बंद केलेली बटणं अशा वेळी पुन्हा चालू झालेली सापडू शकतात.